प्लेऑफचे ऑनलाइन तिकीट आणि सीमाभागातील प्रेक्षक

बेळगावच्या क्रीडारसिकाला मोठा सामना प्रत्यक्ष पाहायचा असेल, तर तीन वाटा मोकळ्या असतात. चोर्ला किंवा अनमोडचा घाट उतरून गोव्यात फातोर्ड्याला जावे, राष्ट्रीय महामार्ग ४८ धरून उत्तरेला पुण्याजवळचे गहुंजे गाठावे, नाहीतर त्याच महामार्गाने दक्षिणेला बेंगळूरला जावे. अंतरे ढोबळमानाने सव्वाशे ते दीडशे, साडेतीनशे आणि पाचशे किलोमीटर. निपाणीकराला पुणे थोडे जवळ पडते, बेंगळूर आणि गोवा थोडे लांब. तिकीटविक्री संगणकावर आणि पुढे मोबाइलवर आली, तेव्हा या अंतरांचा तिकिटाशी असलेला संबंध संपला असे मानले गेले. पुण्याच्या किंवा बेंगळूरच्या खिडकीवर पहाटेपासून उभे राहणे ज्याला शक्य नाही, त्यालाही शहरातल्या माणसाइतकीच संधी मिळणार होती. साखळी सामन्यांपुरते हे बऱ्याच अंशी खरेही ठरले. बाद फेरीच्या, म्हणजे प्लेऑफच्या सामन्यांत मात्र तेच अंतर वेगळ्या रूपाने परत येते.

त्याचे पहिले कारण स्पर्धेच्या रचनेतच आहे. साखळी सामन्यांचे वेळापत्रक कित्येक आठवडे आधी हाती असते. प्लेऑफमध्ये दिनांक ठरलेला असतो, पण संघ ठरलेले नसतात आणि अनेकदा मैदानही ठरलेले नसते. इंडियन सुपर लीगमध्ये २०२४-२५ च्या हंगामात गुणतक्त्यातील पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरीत गेले. तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाच्या संघांना एकेका सामन्यातून उरलेल्या दोन जागा मिळवायच्या होत्या. उपांत्य फेरी दोन टप्प्यांची, एक सामना स्वतःच्या आणि एक प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर.

एफसी गोवा त्या हंगामात दुसरा आला आणि थेट उपांत्य फेरीत पोहोचला. समोर कोण येणार, हे २९ मार्च २०२५ च्या रात्री ठरले. बेंगळूर एफसीने मुंबई सिटीचा ५-० असा धुव्वा उडवला आणि बेळगावकरांच्या मनातली जोडी जुळली. राज्याचा संघ एकीकडे, शेजारचा संघ दुसरीकडे. पहिला टप्पा बुधवारी, २ एप्रिलला बेंगळूरच्या कंठीरवा मैदानावर आणि दुसरा रविवारी, ६ एप्रिलला फातोर्ड्यात. म्हणजे बेंगळूरचा सामना पाहू इच्छिणाऱ्याच्या हाती तिकीट, रजा, प्रवास आणि मुक्काम या सगळ्यांसाठी चार दिवस होते.

रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. बेळगावहून बेंगळूरला रात्रभराच्या प्रवासात नेणारी राणी चन्नम्मा एक्स्प्रेस सुट्टीच्या आणि सणाच्या दिवसांत लवकर भरते, हे सीमाभागात कोणाला सांगावे लागत नाही. चार दिवस आधी निघू पाहणाऱ्याच्या वाट्याला प्रतीक्षा यादी येते किंवा आदल्या दिवशीचे तत्काळ, ज्याची विक्री वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी १० वाजता आणि इतर डब्यांसाठी ११ वाजता सुरू होते. दोन्ही तिकिटे मिळाली तरच प्रवासाला अर्थ. एक मिळून दुसरे हुकले, तर मिळालेलेही वाया.

फातोर्ड्याने याची टोकाची उदाहरणे पाहिली आहेत. २०२२ च्या अंतिम सामन्यात केरला ब्लास्टर्स खेळणार हे १५ मार्चला ठरले आणि सामना २० मार्चला होता. जेमतेम १९ हजार आसनांच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमसाठी केरळमधून पिवळ्या सदऱ्यांचा लोंढा मडगावात उतरला. दुचाकीवरून निघालेले दोन चाहते वाटेत कासरगोड जिल्ह्यात अपघातात दगावले. पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, बेंगळूर एफसीने १२ मार्चला अंतिम फेरी गाठली, प्रतिस्पर्धी एटीके मोहन बागान १३ मार्चला ठरला आणि सामना १८ मार्चला फातोर्ड्यातच झाला. बेंगळूरच्या संघाचा अंतिम सामना खुद्द बेंगळूरकरांपेक्षा बेळगावकरांना जवळ, असा योग त्या वर्षी आला होता.

रांगेचे अंतरंग

विक्रीची वेळ, समजा, संध्याकाळी ७ ची जाहीर झाली आहे. सातच्या आधी ॲप उघडणाऱ्या सर्वांना एका प्रतीक्षाकक्षात बसवले जाते. तिथे सकाळपासून बसलेल्याला आणि सातला एक मिनिट कमी असताना आलेल्याला बहुतेक प्रणालींत सारखाच मान असतो. सातच्या ठोक्याला सर्वांना यदृच्छया क्रमांक वाटले जातात. सातनंतर येणारे मात्र आल्या क्रमाने या ओळीच्या शेपटाशी जोडले जातात. त्यामुळे ‘आम्ही दोन तास आधीपासून बसलो होतो, तरी ८० हजारांचा क्रमांक कसा?’ या तक्रारीचे उत्तर असे, की दोन तास आधी बसण्याला त्या व्यवस्थेत काही किंमतच नव्हती. ती रांग नसून सोडत असते. पडद्यावर मात्र ‘तुम्ही रांगेत आहात’ असेच लिहिलेले असते आणि पुष्कळशा मनस्तापाचे मूळ या एका शब्दात आहे.

क्रमांक मिळाल्यावर पान ताजे करणे, ॲप बंद करून उघडणे किंवा वाय-फाय सोडून मोबाइल डेटावर जाणे यांपैकी काहीही केले तर जागा जाण्याचा धोका असतो, कारण तो क्रमांक त्या वेळच्या त्या जोडणीला दिलेला असतो. एकाच खात्याने तीन फोनांवर बसल्यास काही प्रणाली आधीची जोडणी तोडतात. घरातील तिघांनी तीन वेगळ्या खात्यांवरून बसणे हा उपाय वैध आहे आणि उपयोगीही, फक्त प्रत्येकाने आपली नोंदणी आदल्या दिवशीच करून ठेवायला हवी. गावाचाही एक लहानसा अडथळा असतो. तिकिटांची ॲप शहरवार चालतात. फोनने ठिकाण म्हणून बेळगाव धरले असेल, तर फातोर्ड्याचा सामना पहिल्या पडद्यावर दिसतच नाही. शहर बदलून ‘गोवा’ करेपर्यंत सात वाजून गेलेले असतात.

पाळी आल्यावर आसन निवडायचे आणि ठरावीक मिनिटांत पैसे भरायचे. याच वेळी हजारो लोकांचे व्यवहार बँकांच्या यंत्रणेवर आदळतात, ओटीपी उशिरा येतो, घड्याळ संपते आणि आसन दुसऱ्याकडे जाते. नकाशावर एखादे आसन रिकामे दिसून, दाबताच नाहीसे होते, त्याचेही कारण हेच. ते कोणाच्या तरी ताब्यात काही मिनिटांपुरते असते आणि पैसे न भरले गेल्यास पुन्हा मोकळे होते. म्हणून ‘तिकिटे संपली’ ही पाटी दिसल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटे सोडून देऊ नयेत. अनेकांना तिकीट मिळते ते याच उरल्यासुरल्या वेळात.

जे दिसत नाही ते

पडद्यावर आपल्या पुढे किती लोक आहेत हे कळते. विकायला तिकिटे किती आहेत, हे मात्र कळत नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉल पाहायला जाणाऱ्या निपाणीकराला दारात तिकीट फाडून देणारा माणूस दिसतो, त्याच्या हातातले पुस्तक किती उरले आहे याचाही अंदाज येतो. न मिळाल्यास मुकाट्याने परत फिरायचे, चाळीस किलोमीटरचा तर प्रश्न. मोबाइलवरच्या रांगेत ८० हजारांचा क्रमांक मिळाला, तर थांबण्यात अर्थ आहे की नाही, हे ठरवण्याचे साधनच प्रेक्षकाजवळ नसते. विक्रीला ३० हजार तिकिटे असतील तर थोडी आशा धरता येते. ३ हजार असतील तर ती संध्याकाळ कुटुंबाबरोबर घालवलेली बरी.

आसनसंख्या आणि विक्रीसंख्या यांतील तफावत किती असू शकते, हे २०११ च्या विश्वचषकाने दाखवून दिले. २ एप्रिलच्या अंतिम सामन्यासाठी वानखेडे स्टेडियमवर सुमारे ३३ हजार आसने होती. संलग्न क्लब, आंतरराष्ट्रीय परिषद, प्रायोजक आणि इतर मानकरी यांचा वाटा वजा जाता सर्वसामान्यांना विकण्यासाठी सुमारे ४ हजार तिकिटे उरत असल्याचे तेव्हा समोर आले. त्यांतील एक हजार ऑनलाइन विकायची होती. फेब्रुवारीत विक्री सुरू होताच गर्दीच्या भाराने संकेतस्थळच कोलमडले. त्याच आठवड्यात, २४ फेब्रुवारीला, बेंगळूरमध्ये खिडकीवरची विक्रीही फसली. भारत-इंग्लंड सामन्याच्या तिकिटांसाठी रात्रभर चिन्नास्वामीबाहेर उभ्या असलेल्या लोकांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. एका शहरात संगणक बंद पडला, दुसऱ्यात खिडकी बंद झाली, आणि दोन्हीकडे माणसे तिकिटांच्या मानाने कित्येक पट होती.

त्यानंतर यंत्रणा पुष्कळ सुधारली. आज संकेतस्थळ सहसा कोसळत नाही, प्रतीक्षाकक्ष गर्दी थोपवून धरतो. किती तिकिटे खुल्या विक्रीत आहेत हे विक्रीपूर्वी जाहीर करण्याची प्रथा मात्र पडली नाही. २०२३ च्या विश्वचषकात भारताच्या सामन्यांची तिकिटे ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरच्या आरंभी टप्प्याटप्प्याने विक्रीस आली व पाहता पाहता संपली. लगेच क्रिकेट मंडळाने आणखी सुमारे ४ लाख तिकिटे ८ सप्टेंबरपासून विकण्याचे जाहीर केले. बाद फेरीच्या तिकिटांचा आणखी एक हप्ता ९ नोव्हेंबरला निघाला. पहिल्या दिवशी हात हलवत परतलेल्यांपैकी ज्यांना हे हप्ते येणार याची कल्पना नव्हती, त्यांतले काही जण तोवर चढ्या दराने दुसऱ्याकडून तिकीट घेऊन मोकळे झाले होते. तिकिटे नाहीत असे सांगून ती मागाहून काढणे हा काळाबाजाराला मिळालेला सर्वात सोपा आशीर्वाद आहे.

त्या स्पर्धेत सीमाभागाला सर्वात सोयीचा सामना होता तो गहुंजेचा, १९ ऑक्टोबरचा भारत-बांगलादेश. निपाणीहून सरळ एकच महामार्ग, पावणेतीनशे किलोमीटर. पण या स्पर्धेला मोबाइलवरचे तिकीट चालणार नव्हते. खरेदी ऑनलाइन, प्रवेश मात्र छापील तिकिटावर. ते घरपोच मागवायचे किंवा नेमलेल्या केंद्रावर जाऊन घ्यायचे. पुणेकराला केंद्रावर जाणे म्हणजे दुपारची फेरी. बेळगावकराच्या दृष्टीने ती दोन दिवसांची खेप झाली असती, म्हणून त्याची सारी भिस्त कुरिअरवर किंवा पुण्यात शिकणाऱ्या भाच्या-पुतण्यावर. खिडकी मोबाइलमध्ये आली तरी तिकीट पुण्यातच राहिले.

आणखी एक चाळणी कार्डाची. विश्वचषकाच्या विक्रीत मास्टरकार्डधारकांना आणि २०२५ च्या आयपीएल प्लेऑफच्या विक्रीत रुपे कार्डधारकांना इतरांच्या आधी खरेदी करता आली. सीमाभागात सहकारी बँका आणि पतसंस्थांवर व्यवहार करणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. आपल्या कार्डावर कोणाचे चिन्ह आहे आणि त्यावर ऑनलाइन व्यवहार चालू केलेले आहेत की नाहीत, हे विक्रीच्या दिवशी पाहणाऱ्याची संधी आदल्या दिवशीच गेलेली असते.

२०२५ चा मे महिना

प्लेऑफच्या अनिश्चिततेचा कळस २०२५ च्या आयपीएलने गाठला. सीमेवरील संघर्षामुळे ९ मे रोजी स्पर्धा थांबली आणि १७ मे रोजी पुन्हा सुरू झाली. हैदराबाद आणि कोलकाता येथे ठरलेले प्लेऑफ २० मेच्या घोषणेने मुल्लनपूर आणि अहमदाबादला हलवण्यात आले. रॉयल चॅलेंजर्स बेंगळूरचा २३ मेचा चिन्नास्वामीवरचा सामनाही पावसाच्या अंदाजामुळे तीन दिवस आधी लखनौला नेण्यात आला. त्या सामन्याच्या तिकिटांचे पैसे परत मिळाले. पण बेळगाव, गोकाक, निपाणीहून निघणाऱ्याने केलेले रेल्वेचे आरक्षण आणि लॉजचा आगाऊ भरणा हे तिकिटाच्या परताव्यात येत नाहीत.

पुढचा भाग याहून घाईचा. साखळीतील शेवटचा सामना २७ मेच्या रात्री लखनौला संपला, तेव्हा बेंगळूरचा संघ पहिल्या दोघांत आला आणि पहिला पात्रता सामना खेळणार हे निश्चित झाले. तो सामना होता २९ मेला, पंजाबात. त्याची तिकीटविक्री त्याआधीच सुरू झाली होती. म्हणजे घेणाऱ्याने संघ न पाहता सामना घेतला होता. बेंगळूर २९ मेला जिंकले आणि ३ जूनच्या अहमदाबादच्या अंतिम सामन्यापर्यंत बेळगावकराच्या हाती मधले चार दिवस उरले, अंतर सुमारे हजार किलोमीटर.

अठरा हंगामांनंतर संघाला पहिले विजेतेपद मिळाले. दुसऱ्या दिवशी, ४ जूनला, बेंगळूरमध्ये सत्कार ठरला. त्याची प्रवेशपत्रे विनामूल्य आणि मर्यादित असून संकेतस्थळावर मिळतील, ही सूचना संघाच्या समाजमाध्यमांवरून दुपारी उशिरा आली. तोवर सुमारे ३५ हजार आसनांच्या चिन्नास्वामीकडे जमाव लोटला होता. दोन-तीन लाख लोक आले होते, असे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी नंतर सांगितले. प्रवेश कोणाला, कशावर आणि किती जणांना, हे दारापाशी उभ्या असलेल्यांना ठाऊक नव्हते. चेंगराचेंगरीत ११ जणांचा मृत्यू झाला, पन्नासहून अधिक जखमी झाले. तिकिटांची संख्या आणि प्रवेशाची अट वेळेवर सांगणे ही केवळ ग्राहकसोय नसते, हे त्या दिवशी फार मोठी किंमत मोजून कळले.

पैसे कापले, तिकीट नाही

तिकिटावर छापलेली आणि प्रत्यक्ष भरावी लागणारी रक्कम यांत अंतर असते. आयपीएलच्या तिकिटावर पूर्वी २८ टक्के वस्तू व सेवा कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. मूळ १,००० रुपयांचे तिकीट त्यामुळे १,२८० ऐवजी १,४०० रुपयांना पडते आणि ऑनलाइन सेवेचे शुल्क त्याहून वेगळे. ऐन भरणा करताना नवनवी शुल्के उघड करणे आणि ग्राहकाला न विचारता विमा किंवा देणगी जोडणे या दोन्ही क्लृप्त्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अनुचित ठरवल्या आहेत. तिकिटे भराभर संपत असल्याचा खोटा आभास निर्माण करणेही त्यातच येते.

खात्यातून पैसे गेले आणि तिकीट आले नाही, ही सर्वाधिक आढळणारी तक्रार. अशा वेळी घाबरून लगेच दुसऱ्यांदा पैसे भरले जातात आणि कधी दोन्ही व्यवहार पक्के होतात. आधी ॲपमधील खरेदीची नोंद पाहावी. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, दुकानदाराला केलेला यूपीआयचा किंवा कार्डाचा ऑनलाइन भरणा त्याच्यापर्यंत न पोहोचल्यास रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसामागे १०० रुपये भरपाई देय असते. ही भरपाई मागावी लागू नये असा नियमाचा हेतू आहे. तरी व्यवहाराचा संदर्भ क्रमांक आणि पडद्याचे छायाचित्र जपून ठेवावे.

पैसे विक्रेत्याकडे पोहोचले आणि तिकीट नाकारले गेले, तर मार्ग निराळा. ई-वाणिज्य नियम २०२० प्रमाणे प्रत्येक ऑनलाइन विक्रेत्याला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, ४८ तासांत पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढावी लागते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. तेवढ्याने न भागल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सीमाभागाला एक महत्त्वाची सोय दिली आहे. पूर्वीच्या, १९८६ च्या कायद्याखाली विरुद्ध पक्ष जिथे व्यवसाय करतो किंवा दाव्याचे कारण जिथे घडले, तिथे जावे लागे. आता तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो, तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार दाखल करता येते. तिकीट पुण्याच्या सामन्याचे असो, कंपनी मुंबईची असो, निपाणीच्या ग्राहकाला बेळगावच्या जिल्हा आयोगाकडे जाता येते आणि मडगावच्या ग्राहकाला दक्षिण गोव्याच्या. मोबदल्याची रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास दाखल शुल्क नाही. तक्रार ‘ई-जागृती’ या सरकारी संकेतस्थळावरूनही करता येते, सुदैवाने प्रतीक्षाकक्षाशिवाय.

पुनर्विक्रीबाबत कायदा दुबळा आहे. क्रीडा सामन्यांच्या तिकिटांच्या काळाबाजारासाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. जानेवारी २०२५ मधील कोल्डप्लेच्या नवी मुंबईतील कार्यक्रमांच्या तिकिटांवरून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, तेव्हा हा धोरणाचा विषय असून तो सरकारने पाहावा, अशा भूमिकेतून न्यायालयाने ती फेटाळली. तोवर धोका घेणाऱ्याचा. क्यूआर कोडचे छायाचित्र कितीही जणांना विकता येते, दारावरचे यंत्र मात्र पहिल्यालाच आत सोडते. नातेवाईक किंवा मित्राकडून तिकीट घ्यायचे असल्यास ॲपमधील हस्तांतराची सोय वापरावी आणि ती नसल्यास मूळ खरेदीदारासोबतच आत जावे.

६ एप्रिल २०२५ च्या फातोर्ड्याच्या सामन्यात एफसी गोवाने पहिल्या टप्प्यातील दोन गोलांची पिछाडी भरून काढली होती. सामना अतिरिक्त वेळेत जाणार असे वाटत असताना भरपाईच्या मिनिटांत सुनील छेत्रीने हेडरवर गोल केला आणि बेंगळूर ३-२ अशा एकूण फरकाने अंतिम फेरीत गेले. तो अंतिम सामना १२ एप्रिलला कोलकात्यात होता. मध्ये सहा दिवस होते.